सुंगकालीन हांगचौचीं चहागृहें

इ. स. ११२७ मध्यें जुर्चेन सैन्यानें चीनची राजधानी कैफंग घेतली. सम्राट बंदिवान झाला आणि उरलेला सुंग दरबार यांगत्सेच्या दक्षिणेस गेला. ११३८ मध्यें हांगचौ ही राजधानी ठरली. निर्वासितांबरोबर कैफंगच्या खाण्यापिण्याच्या रीतीहि तेथें आल्या. उपाहारगृहांत नामांकित चित्रें लावण्याची कैफंगची चाल हांगचौच्या चहागृहांनीं उचलली आणि जोडीला ऋतुऋतूंचीं फुलें मांडलीं. पेयेंहि ऋतूप्रमाणें बदलत. हिवाळ्यांत अनेक जिन्नस कुटून केलेला ‘सप्तरत्न’ चहा मिळे, उन्हाळ्यांत बर्फानें गार केलेलें मद्य. हा तपशील वू त्झूमू या ग्रंथकारानें लिहून ठेवला आहे.

१२७६ मध्यें मोंगलांनीं हांगचौहि घेतलें. सिंहासन दोनदां गेलें. परंतु मधलीं दीडशें वर्षें एका हरवलेल्या नगराची रीत दुसऱ्या नगरानें चहाच्या पेल्याभोवतीं जपली होती.