नारू
ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस या गोलकृमीमुळे होणारा परजीवी रोग. केजसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात पायऱ्यांची विहीर म्हणजे बारव हा पाण्याचा मोठा आधार असे. नारूचे चक्र अशाच विहिरींवर चाले. परजीवी आणि पोषक यांचे नाते समजून घ्यायला याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडते.

पाण्यातील सायक्लॉप्स हा सूक्ष्म कवचधारी जीव कृमीचा मध्यस्थ पोषक. त्याच्या शरीरात अळी सुमारे दोन आठवड्यांत संसर्गक्षम होते. असे पाणी न गाळता प्यायल्यास अळ्या माणसाच्या आतड्यातून बाहेर पडून शरीरात वाढतात. जवळपास वर्षभर रुग्णाला काहीच जाणवत नाही. मग पायावर आग होणारा फोड येतो, रुग्ण दाह शमवायला पाय पाण्यात बुडवतो आणि नेमक्या त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. रुग्णाची वेदनाच कृमीचा वंश पुढे नेते.

मादी ६० ते १०० सेंमी. लांब असते. काडीभोवती रोज थोडी थोडी गुंडाळत तिला काढावे लागते. तुटली तर जखम चिघळते. या रोगावर औषध किंवा लस नाही, एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. म्हणून फडक्याने पाणी गाळणे, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्सनाशक टाकणे, बारवांऐवजी हातपंप देणे हेच उपाय ठरले. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. आफ्रिकेतील चाडमध्ये मात्र २०१२ पासून कुत्र्यांतही हा कृमी आढळत आहे.