रिकाम्या जागांची यादी

सरकारी कचेरीतील कर्मचाऱ्यांची यादी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तीत काही ठिकाणी ‘जागा रिक्त’ असा शेरा आढळला असेल. त्या जागेवर कोण येणार हे ठाऊक नसते; परंतु त्याचे काम कोणते आणि वेतन किती, हे अगोदरच ठरलेले असते. रसायनशास्त्रातही अशी एक यादी १८६९ साली रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथे तयार झाली. तिचे कर्ते दिमित्री मेंडेलीव्ह.

त्या वेळी त्रेसष्ट मूलद्रव्ये ज्ञात होती. मेंडेलीव्ह यांनी ती अणुभारांच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठराविक अंतराने सारख्या गुणांची मूलद्रव्ये पुन्हापुन्हा येतात असे दिसले. लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे पाण्याशी झोंबणारे मऊ धातू एका कुळातले. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन दुसऱ्या कुळातले. जेथे योग्य मूलद्रव्य सापडेना, तेथे त्यांनी जागा मोकळी सोडली आणि तिच्या भावी मालकाचे गुणही लिहून ठेवले. ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या जागेस त्यांनी ‘एक-ॲल्युमिनियम’ असे नाव दिले. यातील ‘एक’ हा आपल्या संस्कृतातलाच शब्द होय.

१८७५ साली फ्रान्समध्ये ब्वाबोद्राँ यांना गॅलियम हा नवा धातू सापडला. त्याची घनता पाण्याच्या ४.७ पट भरली. मेंडेलीव्ह यांनी कळविले की, ती ५.९ च्या आसपास असावयास हवी. धातू पुन्हा शुद्ध करून पाहावा. तसे केल्यावर आकडा ५.९ च आला! ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याचेच म्हणणे खरे ठरले.

तथापि या यादीत एक सल राहिला होता. टेल्युरियमचा अणुभार सुमारे १२७.६, तर आयोडीनचा १२६.९. भाराप्रमाणे आयोडीन आधी यावयास हवे. पण मग ते आपल्या कुळातून बाहेर पडते. मेंडेलीव्ह यांनी गुणांचा कौल मानून टेल्युरियम आधी ठेवले आणि त्याचा भार मोजण्यात चूक झाली असावी असे म्हटले. १९०७ साली ते निवर्तले. भार मोजण्यात चूक नव्हती. मग चूक होती कोठे?

उत्तर अणूच्या पोटात होते. अणूच्या मध्यभागी धनभारित सूक्ष्म केंद्र असते, हे रदरफर्ड यांनी १९११ साली दाखविले. त्यांच्याच मँचेस्टर येथील प्रयोगशाळेतील हेन्री मोझली या तरुणाने १९१३ साली निरनिराळ्या मूलद्रव्यांपासून निघणारे क्ष-किरण मोजले. किरणांच्या कंप्रतेचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना सारख्याच पायरीने वाढत होते. म्हणजे मूलद्रव्याचा खरा क्रम भार ठरवीत नाही. केंद्रावरील धनभाराची संख्या ठरविते. टेल्युरियम ५२ वे, आयोडीन ५३ वे. मेंडेलीव्ह यांचा क्रम बरोबर होता, कारण मात्र चुकले होते. केंद्रात प्रोटॉनांबरोबर न्यूट्रॉनही असतात, हे १९३२ साली चॅडविक यांच्या शोधाने कळले, आणि टेल्युरियमचा अधिक भार कशाचा, याचा उलगडा झाला. कुळांचे रहस्य इलेक्ट्रॉनांच्या कक्षांत आहे: लिथियम, सोडियम व पोटॅशियम यांच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकेकच इलेक्ट्रॉन असतो, म्हणून त्यांचा स्वभाव सारखा.

मोझली यांच्या मोजणीने आता रिकाम्या जागाही नेमक्या सांगता येऊ लागल्या: ४३, ६१ आणि ७५. पण ते काम पुढे नेण्यास ते उरले नाहीत. महायुद्ध सुरू होताच ते सैन्यात दाखल झाले आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, गोळी लागून पडले.

पुढे १९२५ साली ७५ वी, १९३७ साली ४३ वी आणि १९४५ साली ६१ वी जागा भरली. आज यादी ११८ पर्यंत पोहोचली आहे. मूलद्रव्यांच्या रिकाम्या जागा भरता आल्या. गॅलिपोली येथे रिकामी झालेली जागा मात्र कोणत्याही यादीने भरून काढता आली नाही.