अवतरण हवामान

अवकाशातून किंवा वातावरणाच्या वरच्या थरातून परतणारे यान, कुपी वा उपकरण सुखरूप उतरण्यासाठी लागणारी हवेची स्थिती. ढग, पाऊस, विजा, समुद्रात लाटा हे सगळे तपासले जाते; पण शेवटच्या काही मिनिटांत घात करतो तो बहुधा वारा.

अमेरिकेचे स्पेस शटल इंजिनाविना उतरत असे. चुकले तर पुन्हा घिरटी नाही. म्हणून धावपट्टीवर आडवा वारा दिवसा १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किमीच्या आत लागे. पावसाने उष्णतारोधक फरशा खराब होत, तेव्हा सरीसुद्धा वर्ज्य. मार्च १९८२मध्ये एडवर्ड्स हवाई तळावरचा, उतरण्यासाठी ठरलेला कोरडा तलाव पावसाने भिजला, म्हणून ‘कोलंबिया’ हे शटल न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्सकडे वळवले. तिथे धुळीच्या वाऱ्याने आणखी एक दिवस खाल्ला आणि ते ३० मार्चला उतरले. भारताची कक्षेतून परतलेली एसआरई-१ कुपी मात्र २२ जानेवारी २००७ रोजी पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरली.

सोलापूर जिल्ह्यात अशी याने उतरत नाहीत, पण वातावरणाच्या वरच्या थरातून परतणारी उपकरणे उतरू शकतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून हायड्रोजन भरलेले पॉलिथिनचे प्रचंड फुगे ३० ते ४२ किमी उंचीवर जातात. काम संपल्यावर उपकरण फुग्यापासून सुटते आणि रंगीत पॅराशूटने खाली येते. उतरण्याचा पट्टा हैदराबादपासून २०० ते ३५० किमी, विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर रेषेच्या आसपास सांगितला जातो. जिल्ह्यातील अकलूज हैदराबादपासून सरळ रेषेत सुमारे ३७० किमीवर, म्हणजे पट्ट्याच्या जेमतेम बाहेर. पण वाऱ्याला हद्द कोण सांगणार? सरासरी सेकंदाला १० मीटर वाऱ्यात अर्धा तास तरंगणारे पॅराशूट १८ किमी सरकते. उत्तरेचा वारा असेल तर अकलूजच्या डोक्यावर सुटलेले ओझे दक्षिणेकडचे वेळापूरही मागे टाकील.

कक्षेतले यान हवा बिघडली तर एखादा दिवस थांबू शकते. फुग्याला ती मुभा नाही. परतीचे हवामान उड्डाणापूर्वीच जोखावे लागते. म्हणून हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, आणि वेळ रात्रीची किंवा पहाटेची, जमिनीलगतचा वारा पडलेला असताना. पावसाळ्यात ढगांखेरीज १५ किमीच्या आसपास पूर्वेकडून येणारा वेगवान झोतही आडवा येतो. ऑक्टोबर ते एप्रिल हेच महिने सोलापूरकडे ऊसतोडीचे. उभ्या फडात पडलेले पॅराशूट शोधणे सोपे नसावे.

असे पॅराशूट शिवारात आढळल्यास हात लावू नये, कारण काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. कळवणाऱ्यास बक्षीस व खर्च मिळतो. उपकरणाशी छेडछाड झाल्यास बक्षीस मिळत नाही.