आल्बाच्या ट्रफल-जत्रेचं कूळ

उत्तर इटलीत पिएमोंते प्रांतातल्या आल्बा या लहानशा शहरात ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पांढऱ्या ट्रफलची जत्रा भरते. जमिनीखाली वाढणाऱ्या या बुरशीच्या वासापायी जगभरचे खवय्ये तिथे लोटतात. थाट असा, की प्रथा शेकडो वर्षांची वाटावी. प्रत्यक्षात जत्रेचं वय शंभरीच्या आसपास आहे आणि तिचा जनक संत नाही, राजा नाही, हॉटेलवाला आहे. ‘साव्होना’ हॉटेलचे मालक जाकोमो मोर्रा यांनी 1920च्या दशकाअखेरीस द्राक्षांच्या सुगीच्या उत्सवाला ट्रफल-प्रदर्शनाची जोड दिली. पुढे ते नामवंतांना निवडक ट्रफल भेट धाडू लागले: 1949मध्ये रीटा हेवर्थला, 1951मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना. कसलेल्या जाहिरातदारानेही हेवा करावा अशी ही चाल!

ट्रफल तर फार जुनं, असं कोणी म्हणेल. खरंच आहे. अठराव्या शतकात तुरीनच्या राजदरबारी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ट्रफल शोधायला स्वाऱ्या निघत. 1788मध्ये व्हित्तोरियो पिको यांनी या जातीचं शास्त्रीय वर्णनही केलं. पण जिन्नस जुना म्हणून त्याचा उत्सव जुना होत नाही. युनेस्कोने 2021मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेही ट्रफल शोधण्याचं आणि खणून काढण्याचं पिढीजात ज्ञान; जत्रा नव्हे.

मग ही निव्वळ धंद्याची टूम म्हणायची का? तसंही नाही, कारण मोर्रांनी ओळखलेली अडचण खरी होती. काळ्या ट्रफलची लागवड फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकापासून होते. पांढरं मात्र ओक, पॉप्लर, लिंडेनच्या मुळांशी आपल्या मर्जीने वाढतं आणि लागवडीला सहसा दाद देत नाही. शिजवलं की त्याचा सुगंध जातो, म्हणून ते लोण्यातल्या तायारिन शेवयांवर किंवा अंड्यावर कच्चंच, पातळ कापून घालतात. खणून काढल्यावरही थोड्याच दिवसांत वास उतरतो. अशा मालाकडे गिऱ्हाइकालाच आणणं शहाणपणाचं, आणि ते आलं की हॉटेलच्या खोल्याही भरतात. मोर्रांनी स्वतः तर ट्रफल समुद्रापार पाठवली, हा आक्षेप इथे टिकत नाही. त्या भेटी म्हणजे आमंत्रणं होती.

सुगीच्या उत्सवाशी बांधलेली ही गाठ आजही वेळापत्रकात दिसते. जत्रा ऑक्टोबरमध्येच सुरू होते, पण थंडी पडल्यावर येणारं ट्रफल अधिक पक्व आणि सुवासिक असतं. तेव्हा केवळ चवीसाठी जाणाऱ्याने उद्‌घाटनाची गर्दी टाळून नोव्हेंबरच्या उत्तरार्धातलं तिकीट काढावं.