ओझरची दुसरी लाईन आणि चार ट्रेनर विमानं

१७ ऑक्टोबर २०२५ ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह ओझरला आले. आपल्या एचएएलमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. फोटो सगळ्यांनी शेअर केले, मीही केले. पण त्याच दिवशी त्याच आवारात आणखी एका विमानाच्या लाईनचं उद्‌घाटन झालं, त्यावर आपल्या गावात फारशी चर्चा दिसली नाही. विमानाचं नाव एचटीटी-४०. नाकावर एक पंखा, आत दोन माणसं, पुढे विद्यार्थी आणि मागे शिक्षक. दिसायला साधं, म्हणून लोक पुढे स्क्रोल करून गेले असतील.

माझ्या मते नाशिककरांनी तेजसइतकंच या विमानाकडे बघायला हवं. कारण हवाई दलातला प्रत्येक पायलट, पुढे तो सुखोई उडवो की हेलिकॉप्टर, पहिल्यांदा अशाच छोट्या पंख्याच्या विमानात बसतो. वय वीस-बावीस. उडवायचा अनुभव शून्य. त्या पोराच्या हातात देश कोणतं यंत्र देतो, हा प्रश्न आहे. आणि स्वतंत्र भारताने या प्रश्नाची चार मोठी उत्तरं दिली आहेत. ती एकाशेजारी एक ठेवून बघू. थोडं लांबेल, पण वाचा.

पहिलं उत्तर : एचटी-२

स्वातंत्र्याच्या सुमाराला आपले कॅडेट टायगर मॉथवर शिकायचे. ब्रिटिश विमान, एकावर एक पंखांच्या जोड्या, वरून कापड मढवलेलं. त्यानंतर प्रेंटिस आलं, तेही ब्रिटिश आराखड्याचं. मग बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एका मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली पहिलं भारतीय आराखड्याचं ट्रेनर तयार झालं. डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. विमानशास्त्रात प्रांटल म्हणजे गुरूंचे गुरू. आपल्या शाळांच्या पुस्तकांत घाटग्यांचं नाव का नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

एचटी-२ पहिल्यांदा उडालं ५ ऑगस्ट १९५१ ला. उडवलं कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी. धातूचं बांधकाम, एकामागे एक दोन जागा, उत्पादनाच्या विमानांना १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन. शेपटीखाली छोटं चाक, त्यामुळे जमिनीवर विमान नाक वर करून उभं राहायचं आणि पायलटला समोरचं नीट दिसायचं नाही. उतरताना जरा चूक झाली की विमान गिरकी घ्यायचं. म्हणून जुने पायलट म्हणतात, शेपटीच्या चाकावर शिकलेला कुठेही उतरवू शकतो. अशी दीडशेहून अधिक विमानं बनली. १९५९ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांनी घानाचं हवाई दल उभं करायला मदत केली, तिथेही हीच विमानं गेली. आपल्याकडे जवळपास तीन दशकं या विमानाने पिढ्या शिकवल्या.

दुसरं उत्तर : एचपीटी-३२ दीपक

हे उडालं जानेवारी १९७७ मध्ये, हवाई दलात आलं ऐंशीच्या दशकात. अमेरिकन लायकॉमिंगचं २६० अश्वशक्तीचं इंजिन. नाकाखाली चाक, म्हणजे उतरवायला सोपं. चाकं मात्र आत न जाणारी. आणि मोठा फरक म्हणजे विद्यार्थी-शिक्षक शेजारी शेजारी. याचे फायदे आहेत. शिक्षकाला पोराचा हात दिसतो, चेहरा दिसतो, घाबरला की लगेच कळतं. तोटा असा की पुढे लढाऊ विमानात तो एकटा मधोमध बसणार असतो, आणि ती सवय इथे लागत नाही.

कागदावर दीपक आधीच्यापेक्षा पुढचं विमान होतं. प्रत्यक्षात इंजिन हवेत बंद पडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. इंजिन बंद पडलं तर हे विमान तरंगत लांब जाणारं नव्हतं, पटकन खाली यायचं. आणि इजेक्शन सीट नव्हती. तीन गोष्टी एकत्र करून बघा : इंजिनावर भरवसा नाही, तरंगण्याची क्षमता कमी, बाहेर पडायची सोय तुटपुंजी. १७ अपघातांत १९ पायलट गेले. ३१ जुलै २००९ ला तेव्हाच्या आंध्रातल्या मेडक जिल्ह्यात दोन प्रशिक्षक गेले, तेव्हा कुठे शंभराहून अधिक विमानांचा हा ताफा जमिनीवर उभा केला. दोघेही शिक्षक होते. म्हणजे नवशिक्याच्या हातून चूक झाली, असं म्हणायलाही जागा नव्हती.

आता मला अस्वस्थ करणारी गोष्ट सांगतो. १९८४ मध्येच एचएएलने दीपकच्या एका नमुना विमानाला टर्बोप्रॉप इंजिन बसवून उडवलं होतं. नाव एचटीटी-३४, शक्ती ४२० अश्वशक्ती. टर्बोप्रॉप म्हणजे छोटं जेट इंजिनच, फक्त ते पंखा फिरवतं. पिस्टन इंजिनापेक्षा त्यात ये-जा करणारे भाग कमी, भरवसा जास्त. शिवाय ते नेहमीच्या विमान-इंधनावर चालतं. दीपकला लागणारं एव्हगॅस हे वेगळं पेट्रोल आपल्याला २०२२ पर्यंत आयात करावं लागायचं. परदेशातल्या प्रदर्शनात हे विमान मिरवून आलं, पण आपल्या हवाई दलासाठी त्याची ऑर्डर निघाली नाही. म्हणजे ताफा उभा करायच्या पंचवीस वर्षं आधी पर्याय आपल्याच हँगरमध्ये होता. तो घेतला असता तर सगळे १९ वाचले असते, असं मी म्हणणार नाही, तसं कुणीच सांगू शकत नाही. पण पर्याय होता, हे तर खरंच ना?

२००९ नंतर पोरांना शिकवायचं कशावर? तर थेट किरण जेटवर. सायकल न शिकता बुलेटवर बसवावं, तसं. किरण तरी कुणाचं? पुन्हा घाटग्यांच्याच टीमचं, १९६४ मध्ये पहिल्यांदा उडालेलं. म्हाताऱ्या किरणने ती अडचणीची वर्षं निभावून नेली.

तिसरं उत्तर : पिलाटस पीसी-७ मार्क-२

मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटसशी ७५ विमानांचा करार झाला, सुमारे २,८९६ कोटींचा. नऊ महिन्यांत पहिली विमानं आली आणि ३१ मे २०१३ ला हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या अकादमीत समारंभाने दाखल झाली. ७०० अश्वशक्तीचं पीटी-६ टर्बोप्रॉप, आत जाणारी चाकं, मागे-पुढे जागा, मागची थोडी उंच, आणि इजेक्शन सीट. दीपकवरून यावर येणं म्हणजे एसटीच्या लाल डब्यातून उतरून शिवनेरीत बसणं. प्रशिक्षणाची गाडी रुळावर आली ती या विमानामुळे, हे देशीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही मोकळेपणाने मान्य करावं.

पण दुसरी बाजूही आहे. २०१९ मध्ये या खरेदीत लाचखोरी झाल्याच्या आरोपावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि संरक्षण मंत्रालयाने कंपनीशी व्यवहार वर्षभरासाठी थांबवले. आणखी विमानं घेण्याचा विषय मागे पडला. आणि ४ डिसेंबर २०२३ ला दुंडीगलहून निघालेलं एक पीसी-७ तूप्रानजवळ पडलं, शिक्षक आणि कॅडेट दोघंही गेले. जिल्हा पुन्हा मेडकच. चांगलं यंत्र धोका कमी करतं, शून्य करत नाही.

चौथं उत्तर : एचटीटी-४०

पिलाटसची खरेदी होत असतानाच एचएएल म्हणत होतं, आम्ही बनवतो. हवाई दलाचं म्हणणं होतं की तयार विमान स्वस्त आहे आणि आम्हाला आत्ता हवंय. दोन्ही बाजूंना अर्थ होता. मुलं उभी आहेत आणि विमान नाही, तेव्हा दहा वर्षं थांबा असं कुठला हवाई दलप्रमुख म्हणेल? पण एचएएलने स्वतःच्या खिशातून पैसे घालून काम चालू ठेवलं. ३१ मे २०१६ ला विमान उडालं, पिलाटस दाखल झाल्याला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी. जूनमध्ये त्याचं अधिकृत उड्डाण झालं तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून मनोहर पर्रीकर हजर होते.

खरी परीक्षा पुढे होती. ट्रेनरला मुद्दाम भोवऱ्यासारखं गरगरत खाली आणतात आणि त्यातून बाहेर काढतात, त्याला स्पिन म्हणतात. विद्यार्थी कधी ना कधी चुकून त्यात सापडणारच, म्हणून विमानाने सुधारायची संधी द्यायला हवी. शेपटीकडच्या भागात बदल करावे लागले, मग सहा फेऱ्यांच्या स्पिनची चाचणी पार पडली. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा ६,८२८ कोटींचा करार झाला. इंजिन हजार अश्वशक्तीच्या आसपासचं, वजन उड्डाणावेळी २,८०० किलोपर्यंत, आणि जमिनीवर उभ्या विमानातूनही सुटका करू शकणारी इजेक्शन सीट.

आता हिशेबी वाचक भागाकार करतील. पिलाटस नगाला सुमारे ३९ कोटी, एचटीटी-४० नगाला ९७ कोटी. मग देशी महाग? ही तुलना इतकी सरळ नाही. मध्ये अकरा वर्षांची महागाई आहे, रुपया घसरला आहे, आणि नव्या करारात सिम्युलेटर व प्रशिक्षणाची इतर साधनंही आहेत. पण म्हणून प्रश्नच विचारू नये, असंही नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. चारही विमानांची इंजिनं बघा. एचटी-२ चं ब्रिटिश, दीपकचं अमेरिकन, पिलाटसचं कॅनेडियन वंशाचं, आणि एचटीटी-४० चं पुन्हा अमेरिकन, हनीवेलचं. २०२२ मध्ये ८८ इंजिनांचा करार झाला, आणि इंजिनं वेळेवर न आल्याने विमानांचं वेळापत्रक मागे गेलं. उत्पादनातलं पहिलं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये बेंगळुरूला उडालं. सत्तर वर्षांत सांगाडा आपला झाला, काळीज अजून बाहेरून येतं.

ओझरला याचा अर्थ काय? यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, नाशिकचे खासदार असताना, हा कारखाना इथे आला. मिग-२१, मिग-२७, मग सुखोई. सुखोईचं काम ओसरल्यावर आवारात किती शांतता आली होती, हे ओझर-पिंपळगावच्या दुकानदारांना विचारा. ट्रेनरची लाईन म्हणजे पुढची काही वर्षं काम, आणि आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांना सुटे भाग बनवायची संधी. पण इंजिन आलं नाही तर लाईन थांबते, आणि लाईन थांबली की पहिला फटका कंत्राटी कामगाराला बसतो.

म्हणून आपल्या खासदार-आमदारांना भेटाल तेव्हा फक्त तेजसचं अभिनंदन करू नका. ओझरच्या लाईनवरून वर्षाला किती एचटीटी-४० बाहेर पडणार, इंजिनांचं काय झालं, आणि नाशिक-अंबड-सातपूरच्या किती लघुउद्योगांना काम मिळालं, हेही विचारा. आणि अपघात झाला तर चौकशीचा निष्कर्ष लोकांना कळणार का, हेसुद्धा. दीपकच्या वेळी हा प्रश्न वेळेत आणि मोठ्याने विचारला गेला नाही.

एचएएलमधून निवृत्त झालेले बरेच काका-मामा इथे वाचतात. तुम्ही यातलं काही हाताने केलेलं, डोळ्यांनी बघितलेलं असेल तर खाली जरूर लिहा. आमच्या पिढीला ते कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.