पाच तासांची खाडी

ठाण्याच्या बाळकुमहून भिवंडीकडे निघालो, की कशेळीच्या पुलाखाली खाडी लागते. उल्हास नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी येथे मिसळते. एकाच जागी एक बाटली भरतीला व एक ओहोटीला भरली, तर दोन्हींतील क्लोराइडचे प्रमाण वेगवेगळे येते. म्हणजे तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय खाडीच्या पाण्याच्या आकड्याला अर्थच नाही! पर्यावरणीय भूविज्ञान आणि जलरसायन शिकवताना पहिला धडा मी हाच देतो.

पाण्याची तपासणी हा विषय आपल्याकडे वर्गाआधी कायद्यात आला. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधीच केला. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. काळ्या पाषाणातल्या भेगांत पाणी कसे साठते, हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिला नाही.

पुढे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवण्याचा आदेश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा पदवीसाठीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम येण्यास मात्र २००३ साल उजाडले. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. एकूण पन्नास तासांपैकी पाच तास क्षेत्रकार्याचे आणि शंभरपैकी २५ गुणही त्याचेच.

हे पाच तास काय करू शकतात? हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची पद्धत दिली. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता पाणी भरायचे. त्यात मँगनीज सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. मासा जगेल की नाही, याचा पहिला अंदाज विद्यार्थ्याला डोळ्यांनीच येतो.

हेच तास पुष्कळदा जुन्या वह्या उतरवण्यात जातात. गुण मिळतात, पण खाडी पाहायची राहून जाते. शिक्षकहो, आपल्या गावाला खाडी नसेल; विहीर तर असेल? एक बाटली भरा. तिच्यावर तारीख, वेळ आणि जागा लिहा. अभ्यासक्रम तिथून सुरू होतो.