पगार, भाव आणि रांग : दोन जर्मनींतील कामगारांच्या क्रयशक्तीचा तुलनात्मक विचार (१९४८–१९९०)

प्रास्ताविक

साम्यवादी आणि भांडवलशाही अर्थव्यवस्थांची तुलना हा पदवी वर्गांतील नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. एका उत्तरानुसार साम्यवादी देशांत घरभाडे नाममात्र होते, पाव स्वस्त होता, बेकारी नव्हती. म्हणून कामगार सुखी होता. दुसऱ्या उत्तरानुसार तेथे दुकाने रिकामी होती, मोटारीसाठी दहा-दहा वर्षे थांबावे लागे. म्हणून कामगार दरिद्री होता. विद्यार्थी आपापल्या कलाप्रमाणे यांपैकी एक उत्तर पाठ करतात आणि गुण मिळवतात. दोन्ही उत्तरांतील विधाने बहुतांशी खरी आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र घाईचे आहेत, कारण पगाराने नेमके काय विकत घेता येते, या प्रश्नाचा एकेकच भाग ती पाहतात.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न दोन जर्मनींच्या उदाहरणावरून तपासला आहे. एकच भाषा, एकच औद्योगिक परंपरा, एकाच युद्धात उद्ध्वस्त झालेली शहरे आणि त्यानंतर दोन वेगळ्या अर्थव्यवस्था, असे उदाहरण इतिहासात क्वचितच मिळते. अर्थात आरंभ अगदी समान नव्हता. पूर्वेकडील कारखान्यांची यंत्रे आणि रेल्वेचे रूळ युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत युनियनने उचलून नेले, तर पश्चिमेला मार्शल योजनेची मदत मिळाली. हा फरक लक्षात ठेवूनच पुढील तुलना वाचावी.

दोन आरंभ

२० जून १९४८ रोजी पश्चिम जर्मनीत नवे चलन आले. प्रत्येक माणसाच्या हाती सुरुवातीला ४० मार्क देण्यात आले. लुडविग एर्हार्ड यांनी त्याच वेळी बऱ्याच वस्तूंवरील भावनियंत्रण उठवले. लपवून ठेवलेला माल एका रात्रीत दुकानांच्या काचेमागे दिसू लागला. पण भाव चढले आणि मजुरी मागे राहिली. १२ नोव्हेंबर १९४८ रोजी या भाववाढीविरुद्ध ब्रिटिश व अमेरिकी विभागांत नव्वद लाखांहून अधिक कामगारांनी एक दिवसाचा संप केला. मुक्त बाजाराने कामगाराला पहिल्याच दिवशी समृद्धी दिली, ही समजूत या संपाच्या नोंदीपुढे टिकत नाही. पुढे उत्पादन वाढले, १९५० मध्ये शिधावाटप बंद झाले आणि संघटनांनी मजुरी व कामाचे तास यांसाठी केलेल्या झगड्यांतून वास्तव वेतन वाढत गेले.

पूर्वेकडे शिधापत्रिका १९५८ पर्यंत चालू राहिली. त्याआधीची एक घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मे १९५३ मध्ये सरकारने कामाचे ठरलेले प्रमाण किमान दहा टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय घेतला. तेवढ्याच पगारात दहा टक्के अधिक काम, असा त्याचा सरळ अर्थ होता. म्हणजे ही एक प्रकारची पगारकपातच होती. १६ जून रोजी बर्लिनमधील स्टालिनआले या रस्त्यावरील बांधकाम कामगार मोर्चाने निघाले. त्याच दिवशी सरकारने निर्णय मागे घेतला, पण १७ जूनला संप देशभर पसरला आणि तो सोव्हिएत रणगाड्यांनी मोडला. किमान ५५ माणसे मेली.

या घटनेचा धडा राज्यकर्त्यांनी आपल्या पद्धतीने घेतला. स्वतंत्र संघटना आणि संपाचा हक्क त्यांनी दिला नाही. मात्र पाव, बटाटे, घरभाडे, ट्रामचे तिकीट यांच्या भावांना हात लावण्याचे धाडसही पुन्हा केले नाही. शेजारच्या अनुभवाने ही भीती पक्की झाली. सोव्हिएत युनियनमध्ये जून १९६२ मध्ये मांस व लोणी महाग झाल्यावर नोव्होचेरकास्क येथे कामगारांवर गोळीबार झाला. पोलंडमध्ये डिसेंबर १९७० च्या भाववाढीनंतर बंदरांतील कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गोमुल्का यांना पद सोडावे लागले. पूर्व जर्मनीतील गोठवलेले भाव हे केवळ तत्त्वज्ञानाचे फलित नव्हते. सरकार आणि कामगार यांच्यातील तो एक अलिखित करार होता.

तासांच्या मापाने

दोन चलनांची तुलना करताना सरकारी विनिमय दर कामाचा नाही. त्यापेक्षा एखादी वस्तू घेण्यासाठी किती वेळ काम करावे लागे, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व जर्मनीत सरासरी मासिक पगार १३०० मार्कांच्या आसपास होता आणि कामाचा आठवडा साधारणपणे पावणेचव्वेचाळीस तासांचा. म्हणजे तासाला पावणेसात मार्कांच्या आसपास. पश्चिमेकडील औद्योगिक कामगाराची मजुरी तासाला १८ मार्क धरू. हे दोन्ही आकडे करकपातीपूर्वीचे आहेत. पश्चिमेत कर व विम्याची कपात मोठी असल्याने प्रत्यक्ष अंतर थोडे कमी होते.

पूर्वेकडे एक किलो राईचा पाव ५२ फेनिगला मिळे. त्यासाठी पाच मिनिटांचेही काम पुरे. पश्चिमेत पावाच्या किलोला तीन मार्कांच्या आसपास पडत, म्हणजे दहा मिनिटे. बर्लिनमधील ट्रामचे तिकीट पूर्वेकडे २० फेनिग होते. घरभाडे पूर्वेकडे उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून कमी होते. पश्चिमेकडील कुटुंबाला त्यासाठी उत्पन्नाचा कितीतरी मोठा हिस्सा बाजूला काढावा लागे. इथपर्यंत पूर्वेकडील कामगार सरस ठरतो.

आता दुसरी यादी. पाव किलो कॉफीला पूर्वेकडे साडेसतरा मार्क लागत, म्हणजे अडीच तासांचे काम. पश्चिमेत साधारण पंधरा मिनिटांचे. रंगीत दूरचित्रवाणी संच पूर्वेकडे पाच हजार मार्कांच्या घरात होता, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचा संपूर्ण पगार. पश्चिमेत दीड हजार मार्क, म्हणजे दोन आठवड्यांपेक्षा थोडे अधिक काम. ट्राबांट मोटारीची किंमत बारा हजार मार्क धरली, तर नऊ महिन्यांचा पगार होतो. ही किंमत भरायला माणूस तयार असला, तरी मोटार दहा ते पंधरा वर्षांनी हाती येई. त्यामुळे जुनी ट्राबांट नव्या ट्राबांटपेक्षा महाग विकली जाई, कारण ती लगेच मिळत होती.

यावरून निर्देशांकाची एक जुनी अडचण स्पष्ट होते. पूर्वेकडील कुटुंब जे विकत घेई त्या टोपलीने मोजले, तर पूर्वेच्या मार्काची क्रयशक्ती अधिक दिसते. पश्चिमेकडील कुटुंबाच्या टोपलीने मोजले, तर ती बरीच कमी दिसते. दोन्ही मोजमापे प्रामाणिक असू शकतात. म्हणून एखाद्या लेखकाने दिलेला आकडा वर्गात सांगण्यापूर्वी त्याने कोणाची टोपली घेतली आहे, हे विचारणे आवश्यक ठरते.

पैसा आहे, माल नाही

बाजारात टंचाई असेल तर भाव वाढतो, हे आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. भाव वाढू दिला नाही तर टंचाई नाहीशी होत नाही. ती रांगेच्या रूपाने दिसते. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी टंचाईच्या अर्थशास्त्रावरील १९८० च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, ही टंचाई एखाद्या अधिकाऱ्याच्या चुकीतून आलेली नव्हती, ती व्यवस्थेच्या रचनेतच होती. कारखाना तोट्यात गेला तरी सरकार तो सावरून घेई, त्यामुळे प्रत्येक कारखाना मिळेल तेवढे साहित्य व मनुष्यबळ साठवून ठेवी. बेकारी नव्हती आणि दुकानात माल नव्हता, या दोन्ही गोष्टींचे मूळ बऱ्याच अंशी एकच होते.

अशा ठिकाणी पगाराखेरीज आणखी दोन ‘चलने’ चालतात. एक म्हणजे ओळख. आपण ज्याला वशिला म्हणतो, त्याला पूर्व जर्मनीत थट्टेने ‘व्हिटॅमिन बी’ म्हणत, कारण संबंध या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर ब आहे. चांगला माल दुकानदार गल्ल्याखाली ठेवी आणि ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी वाकून काढी. अशा मालाला ‘वाकून काढायचा माल’ असेच नाव पडले होते. दुसरे चलन म्हणजे पश्चिमेचा मार्क. ‘इंटरशॉप’ या सरकारी दुकानांत पाश्चात्त्य वस्तू केवळ परकीय चलनात मिळत. ज्याचा मामा किंवा मावशी पश्चिमेत होती, त्याच्या घरी चांगली कॉफी असे. ज्याचे कोणी नव्हते, त्याच्या समान पगाराला त्या दुकानात किंमत नव्हती. वेतनातील समतेवर उभ्या असलेल्या राज्यात नात्यागोत्याची विषमता अशी मागील दाराने आली.

स्वस्त भावांचाही खर्च होताच. १९८८ मध्ये मूलभूत वस्तूंच्या भावांवरील अनुदान सुमारे ५० अब्ज मार्कांवर गेले होते. पाव पशुखाद्यापेक्षा स्वस्त पडे, म्हणून काही लोक तो जनावरांना घालत. भाडे इतके कमी होते की त्यातून जुन्या इमारतींची डागडुजी होणे शक्य नव्हते. अनेक शहरांचे मध्यभाग अक्षरशः ढासळत होते. शिवाय सर्वांना स्वस्ताईचा लाभ सारखा नव्हता. किमान निवृत्तिवेतन ३०० मार्कांच्या आसपास होते आणि एवढ्यात म्हाताऱ्या माणसाला पाव व भाडे परवडले, तरी त्यापुढचे फारसे काही परवडत नसे.

१९९० नंतर

१ जुलै १९९० रोजी पूर्वेकडे पश्चिमेचा मार्क आला. पगार, भाडी आणि निवृत्तिवेतने एकास एक दराने बदलली गेली. बचतीवर वयानुसार दोन, चार किंवा सहा हजारांपर्यंत एकास एक आणि त्यापुढे दोनास एक असा दर होता. रांगा संपल्या. मोटार, दूरचित्रवाणी संच, संत्री, केळी सर्व काही समोर होते. निवृत्त लोकांची स्थिती तर स्पष्टपणे सुधारली.

मात्र पूर्वेकडील कारखान्यांना त्या चलनातील पगार परवडले नाहीत. त्यांचा माल घेणारी जुनी गिऱ्हाइके गेली आणि पूर्वेकडील माणसेही पाश्चात्त्य माल घेऊ लागली. औद्योगिक उत्पादन थोड्याच काळात निम्म्याहून खाली आले. ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची ट्राबांट बाहेर पडली. तिची वाट पाहणारे कोणी उरले नव्हते. दहा लाखांहून अधिक माणसे बेकार झाली. त्याआधी कामाच्या वयातील सुमारे नव्वद टक्के स्त्रिया नोकरीत किंवा शिक्षणात होत्या आणि कारखान्याच्या जोडीने पाळणाघर असे. नोकरी गेली तेव्हा त्यांचा एकटा पगारच गेला नाही. २००५ च्या सुमारासही पूर्वेकडील बेकारी अठरा टक्क्यांहून अधिक होती.

म्हणजे १९८९ पूर्वी पगार निश्चित होता आणि माल अनिश्चित. १९९० नंतर माल निश्चित झाला आणि पगार अनिश्चित. बहुसंख्य लोकांनी मार्च १९९० च्या निवडणुकीत लवकर एकीकरण करू पाहणाऱ्या पक्षांना मते दिली, हे विसरता येत नाही. आणि त्यांपैकीच अनेकांना पुढे जुन्या दिवसांची आठवण येऊ लागली, हेही खोटे नाही. या दोन गोष्टींत विसंगती नाही. त्यांनी दोन वेगवेगळ्या उणिवा आळीपाळीने अनुभवल्या होत्या.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, वेतनाची तुलना करताना निदान चार प्रश्न विचारले पाहिजेत. पगारातून कोणती वस्तू किती तासांच्या कामात मिळते? ती मिळण्यासाठी किती थांबावे लागते? पैशाखेरीज वशिला किंवा परकीय चलन लागते काय? आणि हा पगार पुढील वर्षी राहील याची शाश्वती किती? पाचवा प्रश्नही जोडता येईल : पगार कमी वाटला तर कामगाराला संप करता येतो काय? १९४८ चा संप रणगाड्यांनी मोडला गेला नाही आणि १९५३ चा मोडला गेला, हा फरक कोणत्याही निर्देशांकात दिसत नाही.

रांग ही साम्यवादाचीच खूण, असे मानण्याचेही कारण नाही. परवाना पद्धतीच्या काळात आपल्याकडे पुण्याची बजाज स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे गावोगावी होती, आणि नंबर लागलेली स्कूटर अधिक किमतीला विकली जाई. घरचा दूरध्वनीही असाच उशिरा येई. त्या काळातील पगारपत्रके, शिधापत्रिका आणि स्कूटरच्या पावत्या आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी अजून ट्रंकांत पडून असतील. आजोबांच्या पगारात तांदूळ, साखर, रॉकेल आणि स्कूटर किती दिवसांच्या कामाला मिळत होती, याचा तक्ता प्रत्येक विद्यार्थ्याने तयार करून आणावा. असा प्रकल्प आपल्या महाविद्यालयांत सहज घेता येईल. जर्मनीचा धडा त्यानंतर शिकवला, तर पाठ केलेल्या उत्तराऐवजी विद्यार्थी स्वतःचे प्रश्न घेऊन वर्गात बसतील.